बुरुल्चा एजेचे मासे

शेजारची वडीलधारी बुरुल्चा एजे अजूनही नदीतले मासे खाते, ही काळजी माझ्या मनातून जात नाही. वरच्या डोंगरात सोन्याची खाण सुरू झाल्यापासून नदीतला दगड उलटला तरी खाली एक किडा दिसत नाही, आणि सापडतात ते मासे वाकड्या पाठीचे.

आमच्या मारिंका माशाच्या पोटात काळा पडदा असतो. तो आणि गाभोळी विषारी. एजेसारखा तो पडदा गावात कुणालाच काढता येत नाही. नवरा वारल्यावर तिने मासे विकूनच दोन मुलींची लग्नं केली. त्यामुळे तिने साफ केलेला मासा निर्धोक, असं सगळे धरून चालतात.

माझी लेक नुरझादाही रोज तिथेच जेवते. वर मला सांगते, "आपा, तुझ्या लगमानच्या शेवया म्हणजे दोरखंड! एजेचा मासा खाऊन बघ."

मी कॉलेजात रसायनशास्त्र शिकले. खाणीतलं विष मांसातच मुरतं, पडदा काढून ते जात नाही. हे सांगायला गेले, तर एजे हसली. "लेक माझ्याकडे जेवते म्हणून जळतेस होय गं?"

जळतच होते, म्हणून तशीच परत आले.

आज नुरझादा म्हणाली, "एजेच्या बोटांना मुंग्या येतात, सुरी धरवत नाही. आता पडदा मीच काढते. तिने शिकवलंय."

आधी मत्सरच वाटला. मग लक्षात आलं: बोटांना मुंग्या ही त्या विषाचीच खूण, आणि नुरझादाही तेच मासे खाते.

एजे जळकी म्हणाली तर म्हणू दे. मी एजेला आत्ताच फोन लावते: ते मासे आता बंद.