तरोट्याचा बोजारा

जगातल्या यच्चयावत मुलांच्या पोटात भाजी गेलीच पाहिजे, आणि ती आपल्या डोळ्यांदेखत गेली पाहिजे, एवढ्याच कामासाठी माझ्या थोरल्या नणंदेचा जन्म झाला होता, याबद्दल माझ्या मनात तिळमात्र शंका नाही. यातून वेळ उरलाच तर त्या नागभीडजवळच्या एका खेड्यात प्राथमिक शाळेवर शिकवायच्या. आम्ही तेव्हा, म्हणजे ऐंशीनंतरच्या त्या वर्षांत, चंद्रपूरजवळ वीज केंद्राच्या वसाहतीत राहत होतो. दोन खोल्यांचं क्वार्टर, एक मुलगी, शिफ्टला जाणारा नवरा आणि वर ही नणंद! लोकांच्या नणंदा दागिन्यांवरून भांडतात, मानपानावरून रुसतात. मी अशा एखाद्या साध्यासुध्या नणंदेसाठी तरसले. साडीवरून रुसलेल्या बाईला साडी देऊन मोकळं होता येतं. दोडक्यावरून रुसलेल्या बाईची समजूत कशी काढायची, हे मला आजतागायत कुणी सांगितलेलं नाही.

सगळे त्यांना 'बाई' म्हणत, म्हणून मीही म्हणायची. शनिवारची शाळा सुटली की अधूनमधून त्या छोट्या रेल्वेनं यायच्या. दारात आधी पिशवी दिसायची आणि मग बाई. पिशवीच्या तोंडातून माठाची लालभडक देठं डोकावत असायची. येताना गाडीतही त्या स्वस्थ बसत नसत. समोरच्या बाकावर एखादं अनोळखी मूल चिवडा खाताना दिसलं की यांचा जीव खालीवर व्हायला लागायचा. "काऊन वो, लेकराले भाजी देता का नाई? ओठ पाहा त्याचे, कसे फाटले!" ओळख ना पाळख! एका माउलीनं तर पुढच्या स्टेशनावर सरळ डबाच बदलला. हे मला बाईंनी स्वतः सांगितलं, आणि तेही अशा समाधानानं की ती बाई जणू भाजी आणायलाच उतरली होती.

"जयभीम" म्हणून चपला काढल्या की लगेच आमच्या सुजूची तपासणी सुरू व्हायची. जीभ दाखव, नखं दाखव, डोळा वर कर. पोर मुकाट्यानं सगळं दाखवायची. मग बाई माझ्याकडे वळून निकाल सांगायच्या, "पोरगी पांढरी पडून राह्यली." माझी पोरगी छान सावळी, टवटवीत, दिवसभर वसाहतीतल्या पेरूच्या झाडांवर लोंबकळणारी! ती पांढरी कुठून पडणार? पण मी तोंड उघडायचा अवकाश, "आईले आपलं लेकरू बरंच दिसते," असं म्हणून बाई माझी साक्षच बाद करून टाकायच्या. नऊ महिने पोटात मी वागवली, आणि रंग ठरवणार या!

सुजू भाजी खात नव्हती हे मात्र खरं. खोटं कशाला बोलू? भात, वरण आणि आलू, एवढ्यावर तिचा संसार चालला होता. "आलूची भाजी खाते की, बाई," असं मी एकदा म्हणून पाहिलं. बाई माझ्याकडे अशा बघत राहिल्या की मी जणू पोरीला खडू चारते. "आलू काई भाजी नोहे. थो भाताचा मावसभाऊ होय," असं म्हणून त्यांनी आलूची टोपली उचलली आणि शेजारच्या क्वार्टरमध्ये नेऊन देऊन टाकली. माझी टोपली, माझे आलू, आणि पुण्य लाटणार या! आमचे हे बाईंचे धाकटे भाऊ. कंट्रोल रूममध्ये यांचा आवाज चढला की माणसं चपापतात, असं ऐकून होते. घरी मात्र बहिणीसमोर हे मान खाली घालून कारलं चावत बसायचे. एरवी मी कारलं केलं की त्याच दिवशी नेमकं यांच्या पोटात दुखायचं.

सुजू काही कमी नव्हती. एकदा तिनं हातातला घास खाली ठेवून विचारलं, "आत्या, वाघ कुठी भाजी खाते?" ताडोबाचं जंगल हाकेच्या अंतरावर. तिथल्या मुलांना वाघापेक्षा मोठा साक्षीदार कुठला मिळणार? मला वाटलं, आता बाई अडकल्या. मनातून मी खूश झाले. पण बाईंचा घास काही अडखळला नाही. "वाघ काय खाते? चितळ. अन् चितळ काय खाते? पाला! फिरून फिरून सारं पाल्यावरच येते बापा. थो वाघ मधल्यामधी चितळाले कष्ट देते. तू डायरेक्ट खाय." आमचे हे खो खो हसले. मला तेही आवडलं नाही.

समोरासमोरच्या लढाईत यश येईना, तेव्हा बाईंनी गनिमी कावा सुरू केला. शिऱ्यात लवकी म्हणजे दुधी, थालीपिठात पालक. सुजूच्या वाढदिवसाला तर त्यांनी शेवयांच्या खिरीत कोहळं किसून घातलं आणि मला पत्ता लागू दिला नाही. वसाहतीतली मुलं मिटक्या मारत होती. एका इंजिनियरसाहेबांच्या बायकोनं खिरीची कृतीसुद्धा विचारली. आता शहाण्या माणसानं हसून विषय बदलला असता की नाही? पण इतका मोठा विजय पोटात ठेवणं बाईंना जमणार नव्हतं. "कोहळं हाये त्याच्यात!" त्यांनी भर पंगतीत जाहीर केलं. मुलांनी वाट्या खाली ठेवल्या. एकानं तर आधी खाल्लेली खीरही आता गोड लागत नाही म्हणून रडायला सुरुवात केली. उरलेली खीर आम्ही नवरा-बायको दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत खात होतो.

पण हे सगळं मी माफ केलं असतं. तान्ह्या पोळ्याच्या दिवशी त्यांनी जे केलं, ते आठवलं की अजूनही माझ्या कानशिलाशी ठणका लागतो. पोळा मोठ्या बैलांचा, आणि दुसरा दिवस मुलांच्या लाकडी बैलांचा. मुलं धोतर-फेटे बांधून, चाकांचे बैल ओढत दारोदार येतात. घरच्या बाईनं बैलाला ओवाळायचं आणि मुलांच्या हातावर बोजारा ठेवायचा. गोळ्या, बिस्किटं, जे असेल ते. आमच्या ओळीत त्या वर्षी मिरवणुकीच्या पुढे सुजूचा बैल असणार होता. तिच्या बाबांनी तो स्वतः रंगवला होता, शिंगांना बेगड लावली होती. पोर रात्री त्याला उशाशी घेऊन झोपली होती. आणि मी गोळ्या-बिस्किटांचा डबा काठोकाठ भरून ठेवला होता.

सकाळच्या गाडीनं बाई आल्या त्या तरोटा घेऊन. तरोटा म्हणजे पावसाळ्यात वाटेच्या कडेला, उकिरड्यावर, कुठंही माजणारा पाला. कोवळा असताना त्याची भाजी फार चांगली लागते, मला स्वतःला आवडते. पण पोळ्यापर्यंत तो जून होतो आणि कितीही शिजवला तरी दातांशी वैर धरतो. बाईंनी पहाटे शेंडे शेंडे खुडून आणले होते म्हणे. मी आरतीचं ताट लावेपर्यंत माझ्याच शेगडीवर माझ्याच मोठ्या गंजात तरोटा शिजून तयार! "आज बोजाऱ्यात पयले हा घास, मंग गोळी," त्या म्हणाल्या. मी म्हटलं, "बाई, सणाच्या दिवशी लेकरांले हे कोण देते?" तर मलाच उलट सवाल. "बैलाचा सण होय ना? बैल काय बिस्किट खाते? ज्याच्या नावानं फेटा बांधून राह्यले, थो जे खाते थेच लेकराईले नाई चालत?" आणि माझा बिस्किटांचा डबा दारातच खाली ठेवून त्या चक्क त्याच्यावर बसल्या. धिप्पाड बाई. डबा काढणार कसा?

मिरवणूक दारात आली. पुढे सुजू, मागे ओळीतली सगळी मुलं. बाईंनी प्रत्येकापुढे भाकरीच्या तुकड्यावर तरोटा धरला. मुलांनी एकमेकांकडे पाहिलं. पहिल्यानं घास तोंडात घेतला आणि अंगणातल्या मोगऱ्यापाशी जाऊन थुंकला. एका चुणचुणीत मुलीला युक्ती सुचली. "काकू, माह्या बैलाले भूक लागली, थो खाईन," असं म्हणून तिनं घास आपल्या लाकडी बैलाच्या तोंडाला फासला. झालं! सगळ्यांचेच बैल भुकेले निघाले. पांढरेशुभ्र रंगवलेले बैल हिरव्या तोंडांनी उभे! बाई ओरडताहेत, "अरे, तुमी खा, बैल नाई!" आणि मुलं दात काढताहेत. इथपर्यंत मलासुद्धा हसू आलं होतं. पण मग मागून कुणी तरी ओरडलं, "चला रे, तरोटेवालीच्या घरी काई नाई भेटत!" आणि अख्खी मिरवणूक वळली. सुजू फाटकाशी दोरी धरून उभी राहिली. "थांबा ना रे, मी येतो ना," ती म्हणाली. कुणी थांबलं नाही. तिच्याशिवाय, तिच्या बैलाशिवाय, मिरवणूक पुढच्या क्वार्टरला गेली.

मग मी बोलले. ओळीतल्या सगळ्या दारांतून बायका ऐकत होत्या तरी बोलले. "तुमच्या भाजीपायी माझ्या लेकराचा सण गेला, बाई. तुमाले पोरीची तब्येत पायजे का तुमची जीत पायजे?" इतकी वर्षं साठलेलं सगळं बाहेर आलं, आलूच्या टोपलीसकट. त्याचा मला आजही पश्चात्ताप नाही. माझ्या जागी कुणीही आई हेच बोलली असती. बाई डब्यावरून उठल्या. भरलेल्या गंजासमोर पायरीवर बसून राहिल्या. त्यांच्या तोंडाकडे बघवत नव्हतं, म्हणून मी आत निघून गेले.

थोड्या वेळानं बाहेर आले तर सुजू त्यांच्यापुढे ताटली घेऊन बसलेली. "आत्या, मले वाढ," ती म्हणत होती. ज्या क्षणासाठी बाईंनी इतक्या खेपा घातल्या तो हाच. त्यांनी घाईघाईनं वाढलं. पोरीनं पहिला घास घेतला, गिळला, दुसरा घेतला. चावता चावता डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण तोंड थांबत नव्हतं. आत्या एकटी पडली म्हणून ती खात होती, हे आंधळ्यालाही कळलं असतं. बाईंना कळलं. त्यांनी पुढे होऊन ताटली ओढून घेतली. "नको खाऊ वो माय. नको खाऊ." सुजू हट्टानं ताटली ओढतेय, बाई सोडत नाहीत, असा उलटाच तमाशा माझ्या पायरीवर चालला होता. शेवटी बाईंनी पदरानं तिचं तोंड पुसलं, डबा उघडून बिस्किटं तिच्या ओच्यात ओतली आणि दुपारच्या गाडीनं निघून गेल्या.

पुढच्या खेपेला बाई आल्या त्या बिस्किटांचे पुडे घेऊन! जीभ बघितली नाही, नखं बघितली नाहीत. जेवताना सुजूनं मेथी ताटाच्या कडेला सारली, तरी बाईंचं लक्ष खिडकीबाहेर. मला असा संताप आला म्हणता! इतकी वर्षं जिच्या धाकानं मी घरात भाज्या शिजवल्या, ती बाई आता साळसूदपणे माझ्या पोरीला बिस्किटं चारणार आणि 'भाजी खा' म्हणून ओरडायचं काम मी एकटीनं करायचं? मी त्यांना स्वयंपाकघरात गाठलं. "पोरगी मेथी टाकून राह्यली, बाई. तुमी बोलत काऊन नाई?" त्या भांडी विसळत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "रडत खाल्लेलं अंगाले लागत नाई, सुजूची माय." मी म्हटलं, "मंग काय बिस्किट अंगाले लागते?" त्यावर त्या नुसत्या हसल्या. आणि त्यानंतर दर खेपेला बिस्किटंच आली. माझ्या घरची शिस्त पार बिघडवून टाकली त्या बाईनं, आधी एका तऱ्हेनं आणि मग दुसऱ्या.

दोन-तीन वर्षांनी दिवाळीच्या सुट्टीत आम्ही नागभीडला बाईंकडे गेलो होतो. धान कापणीला आलं होतं. बाईंनी स्वतःच्या हातानं सुजूसाठी आलू परतले होते. स्वतःपुरती अंबाडीची भाजी त्यांनी चुलीमागे झाकून ठेवली होती. जेवता जेवता सुजूनं हात लांबवून झाकण उचललं. "हे काय होय, आत्या?" "अंबाडी होय. माह्यासाठी केली. आंबट हाये, तुले नाई आवडन," असं म्हणून बाईंनी पुन्हा झाकण घातलं. सुजूनं ते पुन्हा काढलं, बोटानं चाखलं आणि भाताशेजारी थोडी वाढून घेतली. बाई ताडकन उठल्या. "बाहेर बकरी आली वाटते," असं म्हणून गेल्याच.

बकरीबिकरी काही नव्हती. मी बाहेर गेले, तर त्या भिंतीआड उभ्या होत्या, दारातून आतलं दिसणार नाही आणि आतून त्या दिसणार नाहीत अशा. पदर तोंडाशी धरलेला. मुलांच्या तोंडात गेलेला एकेक घास मोजायची सवय असलेली ही बाई, आणि आज पाठ फिरवून उभी! आतून सुजूचा आवाज आला, "आई, अजून दे ना भाजी." मी म्हटलं, "बाई, ऐकलं ना? पोरगी मागून राह्यली. चला, तुमच्या हातानं वाढा." इतकी वर्षं मी या बाईवर चिडले, पण त्या वेळी मला मनापासून वाटत होतं की त्यांनी आत यावं आणि ते डोळे भरून बघावं. बाईंनी मान हलवली.

"तूच वाढ," त्या हळूच म्हणाल्या. "मी आली तं थे थांबन."