साळवींची जीभ आणि बोर्निओची नदी

सौदीच्या पूर्व किनाऱ्यावरच्या आमच्या कॅम्पात किस्से वाळूसारखे साचतात, कितीही झाडा. निम्मे तर एकट्या साळवींचे. समुद्राचं पाणी गोडं करणाऱ्या प्लान्टवर ते बावीस वर्षं इंजिनिअर. घोटभर पाणी चाखून त्यातल्या क्षारांचा आकडा सांगायचे. मीटर नंतर निमूट तोच दाखवायचा.

*

परदेशी माणसांच्या जागी सौदी नेमायच्या, सौदीकरणाच्या धडाक्यात त्यांच्या जागेसाठी शिकायला फहाद आला. तो तयार झाला अशी साळवींनी सही केली, की साळवी सामान बांधून कायमचे रत्नागिरीला. मॅनेजर रोज फॉर्म पुढे करायचा.

"घाई तुमची आहे, सही माझी. त्याच्या जिभेला आकडा कळू दे," साळवी म्हणाले.

सही होईपर्यंत मॅनेजरने त्यांची रजा अडवली. साळवी धरून आम्हा चौघांची बोर्निओच्या जंगलातल्या नदीवरच्या बोटीची तिकिटं आधीच काढलेली. साळवींनी फहादचं पाचवं काढलं आणि रजेच्या अर्जावर कारण लिहिलं : ट्रेनिंग!

*

पहिल्याच सकाळी फांदीवर लांब नाकाचं माकड दिसलं. सगळे कॅमेरे तिकडे. साळवी मात्र बोटीच्या कडेला वाकून नदीत मीटर बुडवत होते. गाइड म्हणाला, सर, माकड बघा.

"त्याला म्हणावं, तू मला बघ."

तेवढ्यात हातभर अंतरावर मगर वर आली. साळवींनी हात काढला, पण आकडा वाचूनच. तो मी टिपला.

*

दुपारी पाऊस लागला तो तीन तास. फहाद डेकवरून हलेना. भिजतच त्याने आईला फोन लावला. "आई, इथे पाणी नुसतं पडतंय. कुणी बनवत नाही!"

*

मला मॅनेजरचा संताप यायचा. अख्खं शहर ज्याच्या हातचं पाणी प्यायलं, त्याला घालवायची केवढी घाई! मी साळवींना म्हटलं, सही करूच नका, वर्षानुवर्षं लटकवा.

ते म्हणाले, "खोटं 'हो' लिहिलं नाही, तसं खोटं 'नाही'सुद्धा लिहिणार नाही."

*

शेवटच्या दिवशी नदीकाठच्या एका गावात उतरलो. खांबांवरची घरं. एका आजीबाईंनी विहिरीचं पाणी दिलं. साळवींनी मीटर त्यात बुडवून मुठीत झाकला.

फहादने घोट घेतला, डोळे मिटले. "एकशे तीस, उस्ताद."

साळवींनीही चाखलं. "एकशे दहा."

मीटरवर आलं, एकशे तीस.

 साळवींनी खिशातून प्लास्टिकमध्ये गुंडाळलेला फॉर्म काढला, गुडघ्यावर सरळ केला आणि माझ्याकडे हात पुढे केला.

"पेन दे."

सगळे आकडे टिपलेलं पेन माझ्या खिशालाच होतं.

"नाही माझ्याकडे," मी म्हणालो.