कांद्याच्या कड्यांचा शनी

माझ्या शनीची कडी कांद्याची होती, हे मी आज छातीठोकपणे सांगतो.

नवं शतक लागून दोन-चार वर्षं झाली होती. घरात कॉम्प्युटर आला होता आणि ऑफिसातून आलो की मी बूट काढायच्या आधी अंतराळात जायचो. म्हणजे पडद्यावर ग्रह-तारे रंगवत बसायचो. गोळा छान जमला, पण माउसनं काढलेली कडी काही केल्या कडी वाटेनात. कुणीतरी ग्रहाला बांगड्या भरल्यासारखं दिसायचं. सासुरवाडी चांदवडची, त्यामुळे घरात कांद्याला तोटा नव्हता. एका रविवारी बायकोनं कांदा आडवा कापला, आणि त्या अर्ध्या भागात मला माझा शनी दिसला. मी तो उचलला आणि थेट स्कॅनरच्या काचेवर पालथा घातला.

"अहो, इथला कांदा कुठं गेला?"

"अंतराळात!"

कांद्याचं चित्र पडद्यावर घेतलं, वरून दाबून चपटं केलं, मधला भाग पुसून तिथं गोळा बसवला आणि वर मधासारखा रंग चढवला. काय कडी आली म्हणून सांगू! एकात एक, बारीक, कुठं दाट, कुठं विरळ. स्कॅनरला मात्र वास लागला तो लागलाच. पुढे कुणी कागद स्कॅन करायला आलं की त्याच्या डोळ्यांत पाणी यायचं आणि मी म्हणायचो, कला बघून भरून येतं माणसाला.

पण माझा खरा अभिमान शनी नव्हता. त्याच्या बाजूचा अंधार होता. चित्राचा उजवा अर्धा भाग मी मोकळा ठेवला होता. पहिल्यांदा तिथं तारे पेरले, तर बायको मागून म्हणाली, "साबुदाणा सांडलाय का?" तिचं बरोबर होतं. बहुतेक सगळे पुसले आणि अगदी थोडे ठेवले, तेही मंद. निव्वळ काळा रंग दिला तर बंद पडलेला टीव्ही वाटायचा. शेवटी काळ्या द्राक्षांचा घड समोर ठेवला आणि त्यांच्यावर जी धुरकट निळसर साय असते, तो रंग त्या काळ्यात मिसळत गेलो. सगळ्या चित्रात ती मोकळी जागा भरायलाच मला सर्वात जास्त वेळ लागला.

आमच्या गल्लीच्या गणेश मंडळाचे अध्यक्ष एकदा घरी आले आणि पडद्यासमोर उभेच राहिले. त्यांचं हार्डवेअरचं दुकान, माणूस दिलदार.

"भाऊ, हे लय भारी आहे! यंदा बाप्पाच्या मागं हेच लावू. पंधरा फुटी फ्लेक्स!"

मी हवेत. पंधरा फुटी अंतराळ! तेवढ्यात त्यांनी माझ्या अंधारावर बोट ठेवलं.

"आणि ही जागा मोकळी सोडलीत ते एक बरं केलंत. शुभेच्छुकांचे फोटो बसतील."

शुभेच्छुक म्हणजे पांढरे कपडे, गॉगल, कानाला मोबाईल. असे डझनभर चेहरे माझ्या द्राक्षाच्या अंधारात! मी म्हणालो, अंतराळात मोबाईलला रेंज नसते. ते हसले आणि दुसऱ्या दिवशी फोटो पाठवून दिले. चेहऱ्यांशिवाय फ्लेक्स छापणं त्यांच्या कल्पनेतच नव्हतं.

मी वाद घातला नाही. सगळे चेहरे व्यवस्थित बसवले आणि कार्यकारिणीला पसंतीसाठी घरी चहाला बोलावलं. सगळे स्थानापन्न झाले. मी माउस हातात घेतला आणि अत्यंत नम्रपणे विचारलं, "आता एवढंच सांगा, शनीच्या शेजारी कुणाला घेऊ?"

उपाध्यक्षांचा कप तोंडापाशी थांबला. "कुणाच्या?"

"शनीच्या. हा शनीच आहे ना."

"हा शनी?" अध्यक्ष म्हणाले. "आम्ही म्हटलं, नुसताच ग्रह आहे!"

"माझी साडेसाती आत्ता कुठं संपली, भाऊ," उपाध्यक्ष म्हणाले. "मला तिकडं कोपऱ्यात घ्या."

"कोपऱ्यात मी आहे," खजिनदार म्हणाले.

मग जी हलवाहलव सुरू झाली! प्रत्येक जण दुसऱ्याला पुढे करत उजवीकडे सरकत होता. शेवटी सगळे शुभेच्छुक काठाशी एकमेकांवर चढले. अध्यक्षांचा अर्धा कान चित्राबाहेर गेला, तेव्हा तेच म्हणाले, "राहू द्या. आमचा वेगळा फ्लेक्स करू, गल्लीच्या तोंडाशी."

मी मनातल्या मनात या नाटकावर पडदा पाडणार, तोच खजिनदारांनी नवं काढलं. "त्यापेक्षा शनीच पुसा ना. कडी काढली की झाला साधा ग्रह."

म्हणजे माझा कांदाच गेला! पण आवाज मी जराही हलू दिला नाही. खुर्चीवरून उठलो आणि माउस त्यांच्यापुढे केला.

"घ्या. शनीला हाकलायचं पाप मी नाही करणार. तुम्ही पुसा."

खजिनदारांनी हात मागे घेतला. अध्यक्षांनी उपाध्यक्षांकडे बघितलं, उपाध्यक्षांनी चहाकडे. माउस जिथं होता तिथंच राहिला.

"पण बाप्पावर शनीची दृष्टी पडेल त्याचं काय?" कुणीतरी हळूच विचारलं.

"पडणार कशी? बाप्पाची पाठ आहे त्याच्याकडे," मी म्हणालो.

अध्यक्षांनी जरा विचार केला, पडद्याला हात जोडले आणि म्हणाले, "छापा."

छापून आलेला अंधार पडद्यावरच्यापेक्षा थोडा जांभळा होता, पण अख्खा होता. आरतीला आलेली माणसं आरतीनंतरही मान वर करून उभी राहायची, आणि मी त्यांच्यात उभा राहून अनोळखी माणसाच्या आवाजात म्हणायचो, "कुणी केलंय हो हे?"

विसर्जनानंतर मंडळाचे बाकीचे फ्लेक्स कार्यकर्त्यांनी गळक्या पत्र्यांवर टाकायला वाटून घेतले. शनीला हात लावायला कुणी धजेना. मी बिचकतच बायकोला विचारलं, घरी आणू का?

"आणा की," ती म्हणाली. "माझी साडेसाती तर लग्नापासूनच चालू आहे."

पंधरा फूट हॉलच्या भिंतीवर मावेना, म्हणून आम्ही तो छताला ठोकला. शनी अर्धा माळ्याआड गेला. अंधार मात्र बरोबर दिवाणाच्या वर आला.