बुडबुडे दिसले पाहिजेत

मी आजारी नव्हतो. एवढं साधं वाक्य आजवर मी कुणापुढे बोललेलो नाही. बायकोपुढेही नाही.

आमच्या सरकारी दवाखान्याच्या ऑक्सिजन वॉर्डात, सहा नंबरच्या खाटेवर, तोंडाला मास्क लावून मी दोन तास पडून होतो. मी तिथला कक्षसेवक. सिलिंडर आणायचे, जोडायचे, पान्याने उघडायचे, हे माझं काम. दवाखाना कुठला ते लिहीत नाही. पेण आणि रोहा, दोन्हीकडची माणसं आमच्याकडे येतात, एवढं पुरे.

करोनानंतर आमच्याकडे हवेतून ऑक्सिजन काढणारं यंत्र आलं. शेड झाली, भिंतीतून नळ्या गेल्या, रंग लागला. यंत्र चालवणारा माणूस काही आला नाही. उद्घाटनाचा दिवस मात्र ठरला. मोठ्या साहेबांनी तोड काढली. यंत्रामागे सिलिंडर लपवायचे आणि त्यातलाच ऑक्सिजन नळ्यांत सोडायचा. ते जोडले मीच. शिल्लक होते दोन मोठे. कमी पडू नयेत म्हणून अँब्युलन्समधला छोटाही काढून आणला. नवे संध्याकाळी यायचे होते.

"पाहुण्यांना बुडबुडे दिसले पाहिजेत," साहेब म्हणाले.

ऑक्सिजन सुरू असला की खाटेच्या डोक्याशी पाण्याची बाटली असते, तिच्यात बुडबुडे येतात. ते लांबून दिसावेत म्हणून सहाही तोट्या मी पूर्ण उघडल्या.

मग पेशंटचा प्रश्न आला. खरे पेशंट होते. पण कुणाचं लुगडं मळकं, कुणाच्या उशाशी थुंकायचा डबा. त्यांना मागच्या पडवीत नेऊन बसवलं. आता खाटा रिकाम्या. पाचांवर इतर कामगार झोपवले. सहावीसाठी साहेबांची नजर फिरत माझ्यावर आली.

"तू झोप रे. तुझं तोंड जन्मापासूनच आजारी आहे."

सगळे हसले. सिस्टर हसली, ड्रायव्हर हसला. मीही हसलो. आज सगळ्यात जास्त लाज त्या हसण्याची वाटते.

"आणि पाय झाक. मिठागरातून थेट उठून आलायस काय?"

माझा बाप मिठागरात राबला. मिठाने पायाला चिरा पडल्या, त्या चिघळून गेला. साहेबांना हे ठाऊक होतं. मी पाय चादरीत घेतले.

पाहुण्यांना उशीर झाला. तोट्या उघड्याच. खिडकीतून पडवी दिसत होती. थोड्या वेळाने तिथे सुंदरमावशी येऊन बसली. माझ्या आईबरोबर मीठ ओढलेली बाई. तिची लेक कमल तिची पाठ चोळत होती. मावशीचे खांदे वर-खाली, वर-खाली. खांदे असे चालायला लागले की थांबायचं नसतं. हे मला डॉक्टरांइतकंच कळतं. कळत होतं, आणि मी पडून होतो.

तिने मला पाहिलं. कमलला काहीतरी म्हणाली. मी डोळे मिटून घेतले.

पाहुणे आले. फोटो झाले. एकाने माझ्या खांद्यावर हात ठेवला. "कसं वाटतंय आजोबा?" मी तेव्हा अठ्ठेचाळीसचा. मान हलवली.

गाड्या गेल्या तसा उठलो. मावशीला त्याच खाटेवर घेतलं, मास्क लावला. तिने तो हाताने बाजूला केला.

"बाला, तुला आता बरं हाय ना रं?"

"हाय मावशी."

दहा मिनिटं गेली असतील. बुडबुडे मंदावले. मग थांबले. मी यंत्रामागे पळालो. तिन्ही काटे शून्यावर. साहेबांनी अलिबागच्या मोठ्या दवाखान्याची चिठ्ठी लिहून दिली. अँब्युलन्समध्ये ऑक्सिजन नव्हताच. वडखळच्या अलीकडेच घाई संपली.

"ती तशीही गेली असती," साहेब मला म्हणाले. असेल. मला ठाऊक नाही. त्यांनाही नाही.

बाराव्याला गेलो. कमलने चहा दिला. म्हणाली, "आमीच उशीर केला, दादा. आदल्या दिशीच आणायला पायजे होती." मग थोड्या वेळाने म्हणाली, "मी आईला बोलले, आत जाऊन सांगते, आमाला दम लागलाय. तर बोलली, नको गो. बालाला जास्त झालंय बघ. त्याला लागू दे. मी बसते."

माझ्या हातात कप होता. मी चहा प्यालो. सगळा प्यालो.

"तुजी तब्येत जप," कमल म्हणाली.

"व्हय," मी म्हणालो.

वर्षाने पुन्हा पाहुणे यायचे ठरले. यंत्र बंदच. "मागच्यासारखंच," साहेब म्हणाले. "तू सहा नंबरला." सहा नंबरला खांब गावचा एक म्हातारा होता, धाप लागलेला. सिस्टर त्याचा मास्क काढायला वाकली. मी मध्ये उभा राहिलो. पाना माझ्या मुठीत होता.

"साहेब, मी आजारी नाय."

"मग कोण लागून गेलास तू?"

"कामावर हाय. आणि हे बाबा उठणार नायत."

या वेळी कुणी हसलं नाही. पाहुण्यांनी म्हाताऱ्याचं मळकं धोतर बघितलं आणि पुढे गेले. दुसऱ्या दिवसापासून मला चादरी धुवायच्या खोलीत टाकलं. अजून तिथेच आहे. याला मी हिंमत म्हणवून घेणार नाही. मावशी गेल्यावर वर्षाने आलेली ती गोष्ट.

पहिल्या भेटीचा फोटो केसपेपरच्या खिडकीवर अजून टांगलाय. गेल्या महिन्यात कमल पोराला घेऊन आली होती. फोटोखाली उभी राहिली. "किती खंगला होतास रं, दादा. वाचलास." मी ओल्या चादरींचा गठ्ठा घेऊन तसाच पुढे गेलो.

आता तसा पुढे जाणार नाही. येत्या रविवारी तिच्या घरी जाणार आहे. हा कागद तिला वाचता येणार नाही, म्हणून तोंडाने सांगणार. तिने घराबाहेर काढलं तर अंगणात उभा राहून सांगणार. तक्रार करायची म्हणाली तर साहेबांच्या नावाआधी माझं नाव लिहून खाली सही करणार. नोकरीचं मग काय व्हायचं ते होईल.

मावशीचं देणं फिटण्यातलं नाही. कमलचं मी एवढं देणं लागतो: तुम्ही उशीर केला नव्हता. मी आजारी नव्हतो.