गालाचं माप

माझं निम्मं आयुष्य शुक्रवार पेठेतल्या एका गाळ्यात शिलाई मशिनवर गेलं. ब्लाउज, पंजाबी ड्रेस, शाळेचे गणवेश. बंदूक मी बघितली होती ती फक्त बँकेच्या दारातल्या वॉचमनकडं, आणि तिथूनही जरा वळसा घालूनच जायची. अशा माझ्या पोटी नेमबाज पोरगी जन्माला आली.

कॉलेजात एनसीसी करता करता तिला या खेळाचं वेड लागलं. यंत्र मातीची बशीएवढी चकती हवेत फेकतं आणि ती खाली पडायच्या आत छर्र्यांनी फोडायची, एवढाच खेळ. एका चकतीला दोन बार मिळतात, म्हणून बंदुकीला दोन नळ्या, एकीवर एक बसवलेल्या. दोन वर्षं ती क्लबच्या बंदुकीवर शिकली. मग नोकरी लागली आणि तिनं स्वतःच्या परवान्याचा अर्ज केला. चौकशीला आलेल्या हवालदारानं मला विचारलं, "घरात भांडणं होतात का?" मी म्हटलं, "होतात की, पण टीव्हीच्या रिमोटवरून." तो हसला आणि चहा पिऊन गेला. परवाना आला.

आता बंदूक निवडायची होती. तिचे बाबा म्हणाले, "मला आवाज सोसत नाही, तू जा." म्हणून मी गेले.

गावातल्या जुन्या बंदूकवाल्या दुकानदाराला सगळे चाचा म्हणतात. त्यांनी पुण्याकडच्या दोन खेळाडूंच्या वापरलेल्या बंदुका खास आमच्यासाठी मागवून ठेवल्या होत्या. सोबत होते लेकीला शिकवणारे वळसंगचे निवृत्त सुभेदार, बुटके, गोल चेहऱ्याचे, बोलायला कमी. मला बघून ते "जयभीम, ताई" म्हणाले आणि बाकावर सरकून जागा दिली.

पहिली बंदूक चाचांनी मखमलीतून काढली आणि लेकीचा चेहराच बदलला. दोन्ही बाजूंना चांदीसारख्या चकचकीत पट्ट्या, त्यांवर कोरलेली तितरं. खांद्याला टेकवायच्या अक्रोडाच्या दस्त्यावर उसाच्या काकवीसारख्या रेघा. वजनाला हलकी. दुसरी काळी, लांब नळीची, नवी आणि चांगलीच जड. तिच्याकडं लेकीनं पाहुणा बघावा तसं बघितलं.

चाचा म्हणाले, "बेटा, ये देखने की चीज नै. आंखा बंद करो, खांदे कू लगाव, फिर आंखा खोलो."

सुभेदारांनी बंदूक बिजागरीवर उघडून आत काडतूस नाही ना ते बघितलं, तिलाही बघायला लावलं, मगच तिच्या हातात दिली. तिनं डोळे मिटले, तितरांची बंदूक खांद्याला लावली आणि डोळे उघडले.

"काय दिसतंय?" सुभेदारांनी विचारलं.

"मागचं लोखंड दिसतंय."

"आन् टोकावरला नेमाचा मणी?"

तिनं मान थोडी वर केली. "आता दिसला."

"मान हलवून न्हवं."

काळ्या बंदुकीची तऱ्हा वेगळी. दस्ता इतका लांब, की वर उचलताना त्याचं टोक तिच्या कुर्त्याला काखेत अडकलं. दुसऱ्यांदा अडकलं, तिसऱ्यांदाही. मूठ इतकी जाड, की चापापर्यंत तिचं बोट जेमतेम पोचत होतं.

मला बंदुकीतलं काही कळत नव्हतं. पण दुसऱ्याच्या मापाचं कापड अंगात घातलेलं माणूस कसं उभं राहतं, ते मी रोज बघते. लेक अगदी तशी उभी होती.

"वाजवून बघा," चाचा म्हणाले. रविवारी ते कागदपत्रांसकट दोन्ही बंदुका घेऊन रेंजवर आले. गावाबाहेर माळावर ही रेंज आहे. मी कानात कापूस घातला, वर क्लबची कानझाकणं चढवली आणि तरीही पहिल्या बाराला "आई गं" म्हणालेच.

लेकीनं तितरांच्या बंदुकीनं सुरुवात केली. काही चकत्या फुटल्या, बऱ्याच सुटल्या. हलकी बंदूक प्रत्येक बाराला उसळायची आणि दस्त्याची वरची कड तिच्या गालाच्या हाडावर आदळायची. दहाएक चकत्यांनंतर ती माझ्याजवळ पाणी प्यायला आली, तेव्हा गाल लालबुंद झाला होता.

"दुखतंय?"

"सवय होईल."

"काखेत घट्ट ब्लाउज झाला की बायका अस्संच म्हणतात. सवय बिवय काही होत नाही. चार महिन्यांनी तो ब्लाउज कपाटाच्या तळाला जातो."

"आई, हे ब्लाउज नाही!" ती एवढ्या जोरात म्हणाली की चाचांनी मान वळवली. मग तिला माझी दया आली असावी. "किती सुंदर आहे ती, बघ ना," ती हळू म्हणाली.

सुंदर होतीच.

काळ्या बंदुकीनं गाल दुखला नाही, पण चकती पुढं आणि छर्रे मागं असं चाललं. नळी तोंडाकडं जड असल्यानं ती उशिरा वळायची. मी मोबाइलवर व्हिडिओ काढत होते. झाडाखाली बसून भाकरी आणि शेंगाचटणी खाताना तो सावकाश करून बघितला, तेव्हा मला एक गोष्ट दिसली. कुठलीही बंदूक असो, चाप ओढायच्या आधी लेक हनुवटी किंचित वर उचलत होती. दर वेळी.

मी व्हिडिओ सुभेदारांना दाखवला.

"ताई, हे मी तिला वरीसभर सांगतोय. गाल उचलू नगंस म्हणून."

"ती उचलत नाही हो. तिला उचलायला लागतोय. लांब मान, बसके गाल. टेकायला खाली काही येतच नाही तिला."

मी पर्समधून टेप काढली. ती नेहमी माझ्यासोबत असते, लग्नात सुद्धा. "या दस्त्याचं माप कसं घेतात, मला दाखवा."

त्यांनी लेकीचा कोपर काटकोनात वाकवला. कोपराच्या खळीपासून चापाच्या बोटाच्या पहिल्या पेरापर्यंत साधारण अंदाज येतो, म्हणाले. मी माप घेतलं. तितरांच्या बंदुकीचा दस्ता त्याहून थोडा लांब होता, काळीचा तर बराच. माझी सवय अशी की एक माप घेतलं की हात थांबत नाही. समोर सुभेदार कोपर वाकवून उभेच होते, त्यांचंही घेतलं.

"सुभेदारसाहेब, तुमचा हात आणि हिचा हात एकाच मापाचा आहे हो."

यात हसण्यासारखं होतं म्हणून मी हसले, पण ते हसले नाहीत. भाकरीचा तुकडा हातात धरून बसले. चाचा मात्र मिशीतल्या मिशीत हसत होते. मग सुभेदार म्हणाले, "माझी हाय की एक. घरी."

लेक उडालीच. "सर, तुमच्याकडं आहे? मग सांगितलं का नाही?"

"शिकवणाऱ्यानं आपलीच वस्तू पोरीच्या गळ्यात मारली, तर लोक काय म्हणतील?" ते म्हणाले. "आन् खरं सांगायचं तर, द्यायचं मन हुत न्हवतं. खांद्याचं आपरेशन झाल्यापासनं वाजवली न्हाय. पर दर महिन्याला काढून तेल देतो."

"तुमचं मन नसेल तर राहू द्या," मी म्हटलं.

"येऊन बघा तर. बघाय काय हुतंय."

पुढच्या रविवारी आम्ही वळसंगला गेलो. सुभेदारांनी पेटीतून चादरीत गुंडाळलेली बंदूक काढली. नळ्यांचा काळा रंग जागोजाग उडून पांढरा पडलेला. दस्त्यावरची चमक हाताच्या जागी पार गेलेली. नक्षी नाही, काही नाही. लेकीनं "छान आहे, सर" म्हटलं ते सासरच्यांनी दिलेली साडी बघून म्हणतात तसं.

अंगणात उभी राहून तिनं डोळे मिटले. बंदूक वर गेली. कुठं अडकली नाही, खांद्यात आपोआप जाऊन बसली. तिनं डोळे उघडले. खाली घेतली, पुन्हा डोळे मिटले, पुन्हा उचलली. तिसऱ्या वेळी ती हसायला लागली.

"काय झालं?" मी विचारलं.

"आई, मला काही करायलाच लागत नाहीये!"

"मणी दिसतोय?" सुभेदार.

"अर्धा. गाल घट्ट टेकवला की बुडतो."

"माझा गाल भरल्याला, तुजा बसका. तेवढाच फरक. गावात सुतार हाय चांगला, वरनं लाकडाची पट्टी चिकटवून दील."

"थांबा," मी म्हटलं. "लाकडाला हात शेवटी लावायचा. आधी टाचून बघायचं."

त्या आठवड्यात माझ्या गाळ्यावर बायकांचे ब्लाउज थोडे मागं पडले. माझ्या जुन्या पर्सचं मऊ कातडं घेतलं, आत नमद्याचे, म्हणजे दाबलेल्या लोकरीचे, पातळ थर घातले, आणि दस्त्यावर बसवून खालून बुटासारखी नाडी बांधायची अशी गादी शिवली. पहिल्यांदा उत्साहात चार थर घातले. रेंजवर लेकीचा प्रत्येक बार चकतीच्या डोक्यावरून गेला.

"डोळा लई वर आला," सुभेदार म्हणाले. मी तिथंच बाकावर बसून टाका उसवला, एक थर काढला. तरी वरूनच. आणखी एक काढला, नाडी ताणून बांधली.

लेक उभी राहिली. "पुल!" अशी चकती सोडायची हाक दिली. चकती डावीकडं सुटली आणि हवेतच काळ्या धुराचा गोळा झाला, तुकडा म्हणून राहिला नाही. पुढचीही तशीच. तिसरी हुकली. मग सलग सहा. पंचवीसपैकी एकोणीस फुटल्या. याआधी ती पंधराच्या वर कधी गेली नव्हती. मी गालाकडं बघितलं, पांढरा स्वच्छ. व्हिडिओत हनुवटी जागच्या जागी.

सुभेदार आमच्याकडं पाठ करून चष्मा पुसत होते. मग वळले आणि म्हणाले, "तिला तेल दर महिन्याला द्यायचं. विसरायचं न्हाय."

"तुम्हीच द्या सर," लेक म्हणाली. "मी आणत जाईन की घरी." त्यांनी व्हय म्हटलं. त्यांचा चेहरा मला अजून आठवतो.

चाचांचा सौदा बुडाला याचं मला वाईट वाटत होतं. बंदूक लेकीच्या नावावर करायचे कागद त्यांच्याच दुकानातून व्हायचे होते, तेव्हा मी तसं बोलून दाखवलं. ते हात झटकून म्हणाले, "अरे बहन, मैं तो पैलेच बोला था ना, लगाके देखो." तितरांची बंदूक त्यांनी मखमलीत परत गुंडाळली. लेकीनं जाता जाता तिच्यावरून एकदा हात फिरवला, तेवढंच.

राज्य स्पर्धेत तिचा नंबर मधेच कुठंतरी आला. फोनवर मात्र पहिली आल्यासारखी ओरडत होती.

नंतर चाचांनी एक उद्योग केला. ज्याला म्हणून गाल टेकवायची अडचण, त्याला ते माझ्याकडं पाठवायला लागले. परवा केम गावचा एक बागायतदार आला. सहा फूट उंच, भरघोस मिशा, दारातच घुटमळला. आत तीन बायका फिटिंगसाठी बसलेल्या.

"गालाचं माप घेणाऱ्या ताई हितंच का?" त्यानं विचारलं.

बायकांनी पदर तोंडाला लावले. मी त्याला स्टुलावर बसवलं, हातात छत्री दिली, खांद्याला लाव म्हटलं. तो डोळे मिटून, छत्री ताणून, फोटो काढायला बसल्यासारखा ताठ. मी टेप काढली. मग मला वाटलं, बायका आधी आल्यात, त्यांचा नंबर आहे. तसं मी म्हणालेही.

त्यांतली सगळ्यात म्हातारी म्हणाली, "आमचं राहू दे गं. ह्येंचं कर आधी. आमाला बघायचंय."