नकाशात नसलेली लाइन

पाणीपुरवठ्याच्या कचेरीत तिला सगळे नकाशाबाई म्हणत. बावीस वर्षं ती खिडकीजवळच्या उतरत्या टेबलाशी बसून शहराच्या पाण्याच्या लाइनी कागदावर काढत आली होती. रेघ चालू असताना कोणी काही विचारलं तर ती उत्तर देत नसे. रेघ संपली की मान वर करून म्हणे, "हं, काय म्हणत होता?" तोवर विचारणारा बहुधा निघून गेलेला असे.

एका आठवड्यात नाल्यापलीकडच्या तीन गल्ल्यांत अकरा घरांतली माणसं उलट्या-जुलाबांनी आजारी पडली. चार मुलं दवाखान्यात होती. तपासनीस नळानळावर शिशी घेऊन फिरला. नळाच्या पाण्यात औषधाचे दोन थेंब टाकले आणि ते पिवळं झालं, की क्लोरीन तिथवर पोचलंय असं समजायचं. शहरभर पाणी पिवळं होत होतं, पण या तीन गल्ल्यांत त्याचा रंग बदलायला तयार नव्हता.

साहेबांनी नकाशा मागवला. नकाशाप्रमाणे त्या गल्ल्यांना नव्या टाकीचं पाणी जात होतं, म्हणून त्या लाइनीचा व्हॉल्व्ह बंद केला. तरी गल्लीतले नळ आपले धो धो वाहतच राहिले.

"नकाशा चुकीचा आहे," साहेब म्हणाले. ते चिडून बोलले असते तर तिला बरं वाटलं असतं. कोपऱ्यात तिची सही होती. मूळ कागद केव्हाच वाळवीनं खाल्ले होते; तिनं नकलेवरून नक्कल केली होती आणि रस्त्यावर जाऊन कधी पडताळली नव्हती. गल्ल्यांत टँकर सुरू झाले, नळाचं पाणी पिऊ नका अशी दवंडी दिली गेली. ती साहेबांना म्हणाली, "मला चार दिवस द्या. लाइन कुठून येते ते मी शोधून काढते."

घरी तिचे सासरे होते. तीस वर्षं त्यांनी याच खात्यात फिटर म्हणून पाइप टाकले होते. आता गुडघे गेले होते, दिवस खाटेवर जाई. निवृत्त होताना साहेबलोकांशी असं काही बिनसलं होतं, की घरात खात्याचं नाव काढलं तरी ते भिंतीकडे तोंड करत. तरीही तिनं विचारलं. प्रश्न पुरा व्हायच्या आत ते म्हणाले, "पिठाच्या गिरणीच्या कोपऱ्यावर खणा. चार फुटांवर सापडेल."

दुसऱ्या दिवशी सहा फूट खणलं. माती निघाली आणि एक फाटका बूट निघाला. मजुरांनी विचारलं, दुसरा बूट शोधायचाय का? ती हसली नाही. खड्डा बुजवायला सांगून ती सरळ व्हॉल्व्हच्या यादीकडे वळली.

पुढचे दोन दिवस पाणी सुटायच्या वेळी ती गल्लीतल्या एका नळापाशी घड्याळ घेऊन उभी राहिली. फिटर शहरातला एकेक व्हॉल्व्ह बंद करी आणि फोनवर सांगे. धार बारीक होते का, एवढंच ती बघे. लोक कावले होते, एकदोघांनी तोंडावर बोलून दाखवलं, ती ऐकून घेऊन उभीच राहिली. दुसऱ्या दिवशी बाजारातल्या जुन्या टाकीचा व्हॉल्व्ह फिरला, तशी धार बोटाएवढी झाली आणि मग थेंबांवर आली.

तिनं नकाशावर जुन्या टाकीपासून गल्लीपर्यंत पेन्सिलीची रेघ मारली. ती बरोबर नाल्यातून जात होती. आणि मग तिला आठवलं, की कुठली भाजी करू असं विचारलं तरी अर्धा तास विचार करणाऱ्या या माणसानं परवा एका दमात उत्तर दिलं होतं. पाणी इथंच मुरत होतं.

संध्याकाळी तिनं नकाशा त्यांच्या खाटेवर पसरला.

"बाबा, ही लाइन नाल्यातून गेलीय का?"

सासऱ्यांनी नकाशा जवळ ओढून घेतला. मग त्यांनी नाल्यावरच्या पुलाच्या खालच्या अंगाला बोट टेकवलं. "इथं जोड आहे. नाल्याच्या तळाला."

"कोणी टाकली?"

"मीच."

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. चौतीस वर्षांपूर्वी त्या गल्ल्या नवीन होत्या, पाणी नव्हतं, बायका रिकामी भांडी घेऊन कचेरीत येऊन बसल्या होत्या. वरून हुकूम आला, दोन दिवसांत नळ चालू करा. पुलावरून लाइन न्यायला वेळ नव्हता, म्हणून आठ दिवसांपुरती त्यांनी ती नाल्यातून ओढली. ते आठ दिवस कधी संपलेच नाहीत. त्यांनी वरिष्ठांना दोनदा आठवण करून दिली आणि मग गप्प बसले.

"त्या गल्लीतली माणसं अजून मला पाणी आणणारे बाबा म्हणतात," ते म्हणाले.

"म्हणून गिरणीपाशी खणायला लावलंत?"

"हो."

तिच्या डोक्यात तिडीक गेली. दवाखान्यातली चार मुलं तिच्या डोळ्यांसमोर होती. पण आवाज न चढवता ती म्हणाली, "उद्या सकाळी तुम्ही माझ्याबरोबर यायचं. जोड तुम्हीच दाखवायचा."

"पाय चालत नाहीत माझे."

"चाकाची खुर्ची आणते. मी ढकलेन."

सकाळी पुलावर माणसं जमली. वाळूची पोती टाकून नाल्याचं पाणी एका बाजूला वळवलं, आणि सासऱ्यांनी दाखवलं तिथं हातभर गाळाखाली जोड निघाला. जोड पक्का करायला भरलेलं शिसं सुटून बोट जाईल एवढी फट पडली होती. नळाचं पाणी बंद झालं की लाइन रिकामी होई आणि नाल्यातली घाण त्या फटीतून आत शिरे; क्लोरीन त्या घाणीतच संपून जाई. दवाखान्यातून मुलाला घेऊन आलेली एक बाई तिथं उभी होती. सासरे तिला स्वतःहून म्हणाले, "ही लाइन मी टाकलेली. चूक माझी आहे." तिनं मुलाचा हात धरला. मग बादली उचलून टँकरकडे गेली. परत जाताना तिनं सासऱ्यांची समजूत घातली नाही.

लाइन तिथंच कापली. पुलावरून नवी टाकायला नऊ दिवस लागले. मग ती क्लोरीनच्या पाण्यानं भरून एक दिवस तशीच ठेवली, धुऊन काढली, आणि नंतरच गल्लीत पाणी सोडलं. पहिली शिशी तिनं स्वतः धरली. पाणी पिवळं झालं.

त्याच आठवड्यात तिनं साहेबांना सांगितलं, की यापुढे रस्त्यावर बघितल्याशिवाय एकही रेघ ती काढणार नाही. सगळा नकाशा नव्यानं करायचा. साहेबांनी विचारलं, किती वर्षं लागतील? ती म्हणाली, "लागतील तेवढी."

अडीच वर्षं लागली. नाल्यातून, गटारातून गेलेल्या आणखी सात लाइनी सापडल्या. त्यातल्या दोन सासऱ्यांच्याच होत्या, आणि त्या त्यांनी न विचारता सांगितल्या. ते जागा सांगत, खोली सांगत, आणि ती म्हणे, "खणून बघते." माझ्यावर विश्वास नाही का, असं म्हणून ते फुगून बसत. "नाही," ती म्हणे, आणि दुसऱ्या दिवशी कुदळी घेऊन माणसं पाठवी.