मास्तरांची टिचकी

आमच्या शेजारच्या मास्तरांनी टिचकी मारली नाही अशी वस्तू अख्ख्या घोलवडात सापडायची नाही. नारळ, माठ, आमची नवी भिंत, स्वतःची दाढ, कशालाही सुट्टी नाही. 'ठण' वाजलं की पास, 'भद' वाजलं की नापास. शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झाले, पण पेपर तपासायची खोड काही गेली नाही. माझ्या मुलीला बघायला आलेल्या मुलाच्या हेल्मेटवर टिचकी मारून म्हणाले, "वरचं तरी पक्कं आहे." मला हसू आवरेना.

त्यांच्या बायकोच्या, म्हणजे काकूंच्या, तांदळाच्या भाकऱ्यांचे डबे चिकूच्या पेट्या भरणाऱ्या बायकांना जायचे. मातीची चूल सारखी तडकायची आणि त्या दिवशी डबे राहायचे. "अहो, एवढं विज्ञान शिकवलंत, मला एक न तडकणारी चूल द्या की!" काकू एकदा कावून म्हणाल्या, आणि झालं! सोळा सालच्या उन्हाळ्यात मास्तरांनी वाडीत फवारायचं झिरो-बावन्न-चौतीस खत आणि वापीहून आणलेली, भट्टीच्या विटांसाठीची मॅग्नेशियाची भुकटी पाण्यात कालवली. याला फॉस्फेट सिमेंट म्हणतात, हे त्यांनी मला तीनदा सांगितलं. अर्ध्या तासात चूल दगडासारखी! टिचकी मारली, ठण! सगळी आळी बघून गेली.

आठवडाभरात चुलीच्या कडांचा भुगा पडायला लागला. काकू रडकुंडीला आलेल्या आणि हे गृहस्थ भुग्यापुढे उकिडवे बसून हरखलेले! "अगं, यानं पाणी पोटात धरलं होतं. आच लागली, पाणी उडालं, आतून पोकळ झालं बघ!"

"आणि माझ्या भाकऱ्यांचं काय?"

तेव्हा कुठे ते खजील झाले. पण कुतूहल कसलं गप्प बसतंय! त्याच सिमेंटच्या छोट्या विटा पाडून ते लोहाराकडे गेले आणि भात्यापुढे त्या पिवळ्याधमक होईस्तोवर तापवल्या. निवल्यावर टिचकी मारली, तर पहिल्यापेक्षा खणखणीत. "मधल्या आचेला हे खचतं," ते भेटेल त्याला सांगत, "पण तिथे न थांबता तापवत गेलं, की कण न् कण एकमेकांना घट्ट धरतो." त्या विटांची दुसरी चूल रचली, सांधे तेवढे कच्च्या सिमेंटचे. पुढची दोन वर्षं काकूंचा एकही डबा चुकला नाही.

मग मास्तरांचे कानच गेले. टिचकीवर जगणाऱ्या माणसाचे कान न्यावेत, काय म्हणावं देवाला! तरी रोज सकाळी तवा चढण्याआधी ते चुलीला टिचकी मारायचे आणि काकूंच्या तोंडाकडे बघायचे. काकू मान डोलवायच्या. एकदा मी तिथेच होते. टिचकी सांध्यावर पडली आणि स्पष्ट 'भद' वाजलं. काकूंनी मान डोलावली. मास्तरांनी खात्रीसाठी माझ्याकडे पाहिलं. मीही डोलावली. ते खुशीत अंगणात गेले, आणि काकूंनी ओल्या फडक्याखालचा मातीचा गोळा काढून मुकाट्यानं सांधा लिंपला.